रेसिंग गेममध्ये रंगत कशी आणावी : सुरुवात एका वळणापासून

रेसिंग गेम खेळणाऱ्याच्या हातून तासन्‌तास एकच काम घडत असते. पुढचे वळण किती तीव्र आहे याचा तो अंदाज बांधतो, त्या अंदाजावर ब्रेक कुठे लावायचा हे ठरवतो, गाडी वळवतो आणि वळणातून बाहेर पडताना आपला अंदाज कितपत बरोबर होता याचा निकाल त्याला लगेच मिळतो. प्रतिस्पर्धी, गाड्यांची निवड, बक्षिसे, पाऊस, रात्र, संगीत या साऱ्या गोष्टी या एका कृतीभोवती रचलेल्या असतात. म्हणून छोटा का होईना, पण स्वतःचा रेसिंग गेम तयार करू पाहणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे आहे की, शर्यतीचा विचार काही काळ बाजूला ठेवावा आणि आधी असे एक वळण घडवावे, जे एकदा घेतल्यावर पुन्हा घ्यावेसे वाटेल.

राखाडी रस्ता आणि एक वळण

सुरुवातीला एक लांब सरळ रस्ता, त्याच्या शेवटी काटकोनात वळणारे ५० मीटर त्रिज्येचे वळण आणि त्यानंतर पुन्हा सरळ रस्ता, एवढेच तयार करावे. रस्ता राखाडी असावा, बाजूची जमीन हिरवी असावी आणि गाडीच्या जागी साधा ठोकळा असला तरी चालेल. एवढ्या सामग्रीवर पंधरा मिनिटे मन रमत नसेल, तर नंतर शंभर गाड्या आणि वीस ट्रॅक जोडूनही ते रमणार नाही. उलट उणीव कुठे आहे हे त्या पसाऱ्यात शोधणे अवघड होऊन बसेल.

चित्र किती कमी असले तरी चालते, याची साक्ष या प्रकाराच्या इतिहासातच आहे. अटारीच्या १९७४ मधील ‘ग्रॅन ट्रॅक १०’ मध्ये संपूर्ण ट्रॅक वरून पाहिल्यासारखा एकाच पडद्यावर दिसत असे. मात्र हातात स्टिअरिंग होते, गिअरचा दांडा होता आणि पायाशी पेडल होते. त्याच कंपनीच्या १९७६ मधील ‘नाइट ड्रायव्हर’ मध्ये तर रस्ताच काढलेला नव्हता. काळ्या पडद्यावर दोन्ही बाजूंनी पांढरे खांब अंगावर येत राहत आणि त्यांच्या मांडणीवरून रस्ता कुठे वळतो आहे हे समजत असे. गाडीसुद्धा पडद्यावर प्लॅस्टिकवर छापून बसवलेली होती. तरीही रात्रीच्या रस्त्यावरून वेगाने जाण्याची जाणीव त्यातून होत असे, कारण पुढे काय आहे ते वेळेत वाचता येणे आणि त्यावर हाताने काही करता येणे या दोन्ही गोष्टी तिथे होत्या.

आता आपल्या वळणाचे गणित पाहू. वळणात टिकणारा कमाल वेग म्हणजे पकडीचा गुणांक (टायर रस्त्याला किती घट्ट धरतो याचा आकडा), गुरुत्वत्वरण आणि मार्गाची त्रिज्या या तिन्हींच्या गुणाकाराचे वर्गमूळ. पकडीचा गुणांक १ धरला, तर ५० मीटर त्रिज्येच्या मार्गावर हा वेग सेकंदाला सुमारे २२ मीटर, म्हणजे ताशी ८० किमी येतो; त्रिज्या दुप्पट केली की तो ताशी सुमारे ११३ किमी होतो. गाडी सरळ रस्त्यावर ताशी २०० किमी वेगाने येत असेल आणि ब्रेकचा जोर गुरुत्वत्वरणाएवढा असेल, तर ताशी ८० पर्यंत उतरण्यासाठी तिला सुमारे १३२ मीटर लागतात. निर्णय घेण्यासाठी खेळाडूला अर्धा सेकंद दिला, तर त्यात आणखी २८ मीटर जातात. याचा अर्थ असा की, हे वळण किमान १६० मीटर अंतरावरून स्पष्ट वाचता आले पाहिजे, आणि नेमकी इथेच बहुतेक नवख्या गेमची रंगत हरवते. सपाट जमिनीवरचे वळण १६० मीटरवरून पडद्याच्या जेमतेम काही ओळींत मावते आणि खेळाडूला ते दिसेपर्यंत ब्रेकची वेळ टळून गेलेली असते. अशा वेळी खेळाडू ‘माझे चुकले’ असे म्हणत नाही. ‘गेमने फसवले’ असे म्हणतो, आणि त्याचे म्हणणे बरोबर असते.

उपाय सोपे आहेत, पण ते मुद्दाम करावे लागतात. वळणाच्या बाहेरच्या कडेला उंच वस्तू उभ्या कराव्यात: बाणांचे फलक, झाडांची रांग, प्रेक्षकांचा मंच, एखादा मनोरा. वळणाला थोडा चढ दिला तर त्याचा पृष्ठभाग खेळाडूकडे कलतो आणि लांबून दिसतो. अनेक खऱ्या ट्रॅकवर वळणाआधी अंतर सांगणारे फलक लावलेले असतात. गेममध्ये त्यांची गरज अधिकच असते, कारण पडद्यावर खोलीचा अंदाज कमी येतो आणि ‘या फलकापाशी ब्रेक’ असा धरून ठेवण्याजोगा खुणेचा बिंदू लागतो. हा बिंदू मिळाला की पुढच्या फेरीत तोच ब्रेक पाच मीटर उशिरा लावून पाहण्याची इच्छा आपोआप निर्माण होते.

रस्त्याच्या रुंदीचाही हिशेब याच वेळी करावा. वर धरलेली ५० मीटर त्रिज्या रस्त्याच्या मध्यरेषेची आहे, पण गाडी मध्यरेषेवरून गेलीच पाहिजे असे नाही. रस्ता १२ मीटर रुंद असेल आणि गाडीची रुंदी वजा जाता १० मीटर वापरता येत असतील, तर वळणात बाहेरच्या कडेने शिरून, मध्यावर आतल्या कडेला स्पर्श करून, पुन्हा बाहेरच्या कडेला निघणाऱ्या मार्गाची त्रिज्या जवळजवळ ८० मीटर होते आणि वळणातला वेग ताशी ८० वरून १०० च्या आसपास पोचतो. हा ताशी वीस किलोमीटरचा फरक खेळाडूला कुणी बक्षीस म्हणून दिलेला नसतो, तो त्याने रस्त्यातून शोधून काढलेला असतो, आणि म्हणूनच तो त्याला प्रिय वाटतो. रस्ता फार अरुंद ठेवला तर शोधण्यासारखे काही उरत नाही. अवाजवी रुंद ठेवला तर कुठूनही गेले तरी चालते आणि मार्गाच्या रेषेला अर्थ राहत नाही. दोन गाड्या शेजारी मावून तिसरीला जेमतेम वाट मिळावी इतकी रुंदी मला बहुतेक वेळा योग्य वाटते.

टायरने बोलले पाहिजे

खऱ्या गाडीच्या टायरची पकड मर्यादित असते, आणि ब्रेक लावणे व वळणे या दोन्ही कामांना तीच पकड वाटून घ्यावी लागते. सगळी पकड ब्रेकमध्ये खर्च केली तर वळण्यासाठी काही उरत नाही आणि गाडी सरळ पुढे घसरते. तुमचा गेम कितीही हलकाफुलका असला तरी एवढा एक नियम त्यात असावा, असे माझे ठाम मत आहे, कारण त्याच्यामुळेच ‘आधी वेग उतरव, मग वळ, मग वेग वाढव’ हा क्रम निर्माण होतो. हा नियम काढून टाकला आणि ब्रेक व वळण एकमेकांपासून स्वतंत्र केले, तर खेळाडू दोन्ही बटणे एकदम दाबून मोकळा होतो आणि वळण घेण्यात ठरवण्यासारखे काही राहत नाही.

दुसरी गोष्ट घसरण्याची. टायर ज्या दिशेला तोंड करून आहे आणि प्रत्यक्षात ज्या दिशेने चालला आहे, त्यांतला कोन वाढत गेला की बाजूचा जोर आधी वाढतो, एका टोकाला पोचतो आणि मग उतरू लागतो. हे टोक ओलांडल्यानंतरचा उतार किती तीव्र ठेवायचा, यावर तुमच्या गेमचा स्वभाव ठरतो. उतार एकदम तीव्र असेल, तर गाडी क्षणात हातातून जाते आणि अशी गाडी केवळ सरावलेल्या खेळाडूंनाच सुखावते. उतार मंद असेल तर घसरलेली गाडी सावरता येते, आणि सावरून घेतलेली गाडी ही रेसिंग गेममधल्या सर्वांत आनंददायक अनुभवांपैकी एक आहे. सुरुवात मंद उतारापासून करावी. नंतर हवा तर तो हळूहळू तीव्र करता येतो.

खुर्चीत बसलेल्या खेळाडूच्या शरीराला गाडीतल्या चालकासारखे झटके आणि ओढ जाणवत नाही, ही या सगळ्यातली मोठी अडचण आहे. खऱ्या चालकाला मागची चाके सुटू लागल्याचे डोळ्यांआधी पाठीला कळते. गेममध्ये ती बातमी दुसऱ्या मार्गाने पोचवावी लागते, आणि त्यासाठी आवाजाइतके प्रभावी साधन दुसरे नाही. टायरची किंचाळी पकड सुटल्यावर सुरू होऊ नये. पकडीचा साधारण दोन तृतीयांश भाग वापरला गेला की ती दबक्या स्वरात सुरू व्हावी, मर्यादेजवळ तिचा स्वर चढावा आणि मर्यादा ओलांडताच आवाजाचा पोत बदलावा. पुढची चाके घसरताना एक आवाज आणि मागची घसरताना दुसरा, असा फरक ठेवला तर खेळाडू काही दिवसांतच डोळे रस्त्यावर ठेवून कानांनी गाडी चालवू लागतो. इंजिनाच्या आवाजाचेही तेच आहे: त्याच्या चढत्या स्वरावरून गिअर बदलण्याची वेळ कळली पाहिजे, आकड्याकडे पाहण्याची गरज पडू नये. पैसा आणि वेळ कमी असेल, तर मी गाडीच्या रंगावरचा खर्च कमी करून तो आवाजावर करीन.

कंट्रोलरमधील कंपन याच बातमीला जोड देते, पण सतत थरथरणारा कंट्रोलर काहीच सांगत नाही. कंपन राखून ठेवावे: चाक कडेच्या रंगीत पट्ट्यावर चढले, ब्रेक आवळून चाक थांबले, मागची बाजू सुटली, अशा मोजक्या प्रसंगी. स्टिअरिंग जोडून खेळणाऱ्यांसाठी उलट दाबाची सोय असते, म्हणजे चाकांवरचा जोर स्टिअरिंगमधून हाताला जाणवतो. अटारी गेम्सच्या १९८९ मधील ‘हार्ड ड्रायव्हिन’ या आर्केड यंत्रातही ती होती. त्यात पुढच्या टायरची पकड संपत आली की स्टिअरिंग हलके पडले पाहिजे, एवढे एक साधले तरी पुष्कळ.

हात आणि गाडी यांमधले अंतर

ताशी २०० किमी वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे ५५ मीटर कापते. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये ती दोन चित्रांच्या दरम्यान ९३ सेंटिमीटर पुढे जाते, आणि ३० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये १८५ सेंटिमीटर. बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत एक दशांश सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. खेळाडू ठरावीक विलंबाशी जुळवून घेतो. सतत बदलणाऱ्या विलंबाशी तो जुळवून घेऊ शकत नाही, कारण मग तोच ब्रेक त्याच फलकापाशी लावूनही दर फेरीत निकाल वेगळा लागतो. म्हणून गाडीच्या हालचालीचे गणित चित्रे काढण्याच्या वेगापासून वेगळे, समान कालांतराने चालवावे, आणि देखाव्यामुळे चित्रांची संख्या डळमळत असेल तर बिनदिक्कत देखावा कमी करावा.

कीबोर्डवर किंवा मोबाइलच्या पडद्यावर खेळणाऱ्याकडे ‘थोडे वळव’ असे सांगण्याची सोय नसते. बटण एक तर दाबलेले असते किंवा नसते. तेव्हा बटण दाबताच चाके पूर्ण वळवू नयेत. पूर्ण वळणापर्यंत जायला पाव सेकंद द्यावा आणि बटण सोडल्यावर चाके त्याहून लवकर सरळ व्हावीत, म्हणजे हलक्या टिचक्यांनी गाडीची दिशा नेमकी सांभाळता येते. वेग वाढत जाईल तसा चाकांचा कमाल कोन कमी करत न्यावा, नाहीतर ताशी २०० किमी वेगात एका टिचकीने गाडी आडवी होईल. कंट्रोलरच्या काडीबाबत (अंगठ्याने ढकलायच्या स्टिकबाबत) मध्यभागी लहानसा निष्क्रिय भाग ठेवावा आणि मध्याजवळची हालचाल सौम्य करावी. ही कामे कंटाळवाणी वाटतात, परंतु ‘गाडी हातात बसते’ असे खेळाडू ज्याला म्हणतात ते बहुतांशी याच आकड्यांवर अवलंबून असते.

वेगाची जाणीव

वेगमापकावर ३०० लिहिल्याने वेग जाणवत नाही. जवळच्या वस्तू नजरेच्या कडेने किती झपाट्याने मागे जातात यावरून तो जाणवतो. कॅमेरा जमिनीच्या जवळ आणला, रस्त्याच्या पोताला बारीक दाणा दिला आणि कडेला समान अंतरावर खांब, कठडे किंवा दिवे लावले की तोच आकडा दुप्पट वाटू लागतो. मोकळ्या मैदानातला रस्ता संथ वाटतो आणि बोगदा वेगवान वाटतो, यामागचे कारण हेच आहे. बोगद्यात इंजिनाचा आवाज घुमतो ही वरची भर.

वेग वाढताना कॅमेऱ्याचा दृष्टिकोन, म्हणजे पडद्यावर मावणाऱ्या दृश्याचा कोन, रुंद करणे ही सर्वत्र वापरली जाणारी युक्ती आहे, पण तिची किंमत मोजावी लागते. दृष्टिकोन रुंद झाला की दूरच्या वस्तू पडद्यावर लहान होतात, म्हणजे वेग सर्वाधिक असताना, जेव्हा वळण लांबून वाचणे सर्वांत गरजेचे असते, तेव्हाच ते लहान दिसू लागते. म्हणून ही रुंदी माफक वाढवावी आणि ब्रेक लावताच ती पूर्ववत होऊ द्यावी. कॅमेरा थरथरवण्याची हौस असेल तर ती सरळ रस्त्यावर भागवावी. ब्रेकच्या जागी चित्र स्थिर असलेच पाहिजे. पाठीमागच्या कॅमेऱ्याने गाडीच्या मागे ताठपणे चिकटून न राहता थोडे मागे रेंगाळावे आणि वळणात किंचित आतल्या बाजूला पाहावे, म्हणजे गाडी किती तिरपी झाली आहे हे दिसते आणि वळणाचा शेवटही दिसतो. सेगाच्या १९९२ मधील ‘व्हर्च्युआ रेसिंग’ने चार बटणांवर चार दृश्ये दिली, तेव्हापासून दृश्य निवडण्याची मुभा ही खेळाडूंची रास्त अपेक्षा झाली आहे. तुमच्याकडे वेळ कमी असेल तर किमान दोन द्यावीत: एक गाडीच्या मागून आणि एक तिच्या नाकावरून.

वळणांची माळ

एक वळण जमले की ट्रॅककडे वळावे. येथे विविधतेपेक्षा परस्परसंबंध महत्त्वाचा ठरतो. सुटी सुटी दहा वळणे एकामागोमाग ठेवली तर दहा वेळा तेच काम केल्यासारखे होते; पण एका वळणाची चांगली अखेर दुसऱ्याच्या चुकीच्या सुरुवातीकडे नेत असेल, तर खेळाडूला दोन्हींचा एकत्र विचार करावा लागतो. उजव्या वळणातून रस्त्याच्या डाव्या कडेला बाहेर पडणे सर्वांत वेगवान असते, पण लगेच पुढे डावे वळण असेल तर त्यात शिरण्यासाठी उजवी कड हवी असते. मग पहिल्या वळणात थोडे नुकसान सोसायचे की दुसऱ्यात, असा खरा प्रश्न उभा राहतो. लांब सरळ रस्त्याआधीचे वळण तर ट्रॅकवरचे सर्वांत मोलाचे वळण असते, कारण तिथून बाहेर पडताना मिळवलेला जादा वेग त्या संपूर्ण रस्त्यावर सोबत येतो. अशा ठिकाणी वळण अवघड ठेवावे. जिथे त्यानंतर लगेच दुसरा ब्रेक आहे तिथे ते सोपे ठेवले तरी चालते.

सगळीच वळणे अवघड असू नयेत. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, श्वास रोखून जाता येईल असे एक वळण प्रत्येक ट्रॅकवर असावे, आणि आपण तिथे कधीतरी विनाकारण ब्रेक लावत होतो हे खेळाडूला स्वतःहून कळावे. नवख्यांसाठीचा ट्रॅक एक ते दीड मिनिटात पूर्ण होईल इतकाच ठेवावा, कारण त्याच वळणावर परत येईपर्यंत मागच्या फेरीत काय केले होते ते आठवत असले पाहिजे. न्युर्बुर्गरिंगचा सुमारे २१ किलोमीटरचा उत्तरेकडील ट्रॅक अनेक गेममध्ये लोकप्रिय आहे, पण तो शिकण्यात आनंद मानणारा खेळाडू आधीच या खेळात मुरलेला असतो. ट्रॅकच्या प्रत्येक भागाला वेगळी ओळख द्यावी, एक पूल, एक उतार, एक जुनी भिंत, म्हणजे स्मरणाला आधार मिळतो.

फेऱ्यांचा बंद ट्रॅक हाच एक मार्ग आहे असेही नाही. सेगाच्या १९८६ मधील ‘आउट रन’ मध्ये, ज्याचे रचनाकार यू सुझुकी होते, रस्ता प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस दुभंगत असे. एकूण पंधरा टप्प्यांपैकी एका प्रवासात पाचच पार होत आणि पाच वेगवेगळ्या शेवटांपैकी एक मिळत असे. प्रतिस्पर्ध्याऐवजी घड्याळाशी शर्यत होती आणि प्रवास सुरू होण्याआधी रेडिओवरचे संगीत निवडता येत असे. छोट्या गेमसाठी ही रचना आजही उत्तम आहे, कारण थोड्या सामग्रीतून अनेक प्रवास तयार होतात आणि हुशार प्रतिस्पर्धी लिहिण्याचे मोठे काम टळते.

रस्ता सोडण्याची शिक्षा जेवढी चूक तेवढीच असावी. चाक थोडे गवतावर गेले तर थोडा वेग जावा. गाडी पूर्ण बाहेर गेली तर बराच. भिंतीला घासून वळणे हे ब्रेक लावून वळण्यापेक्षा वेगवान ठरणार नाही, याची मात्र स्वतः खेळून खात्री करावी, कारण तसे ठरले तर चुरशीचे खेळाडू तेच करतील आणि तुम्ही जपून घडवलेले वळण कुणीच घेणार नाही. बक्षिसांबाबतही हीच सावधगिरी हवी. ‘मारिओ कार्ट’ मालिकेत वळणात गाडी घसरवत नेली की बाहेर पडताना छोटा वेगझटका मिळतो; २००५ च्या ‘मारिओ कार्ट डीएस’ मध्ये मात्र निष्णात खेळाडू सरळ रस्त्यावरही गाडी नागमोडी घसरवत हे झटके मिळवत राहत आणि त्यांना गाठणे साध्या खेळाडूला अशक्य होई. वळणासाठी ठेवलेले बक्षीस वळणातच मिळेल अशी तजवीज असावी.

सोबतीच्या गाड्या

प्रतिस्पर्धी नसतानाही रेसिंग गेम चांगला असू शकतो; पण ते असतील तर त्यांनी खेळाडूपुढे प्रश्न ठेवले पाहिजेत. सर्वांत पुढे एकट्याने धावणे आणि सर्वांत मागे एकट्याने धावणे सारखेच कंटाळवाणे असते. ते टाळण्यासाठी अनेक गेम मागे पडलेल्यांना वेग देतात आणि पुढे गेलेल्यांचा काढून घेतात. हे छुपेपणाने केले की खेळाडूला काही शर्यतींतच कळते, आणि मग आपल्या उत्तम फेरीला किंमत नाही असे वाटून त्याचे मन उडते. प्रामाणिक मार्ग असे आहेत: गाड्यांच्या कौशल्यात शर्यतीपूर्वीच अंतर ठेवावे, म्हणजे मागून सुरुवात करणाऱ्या खेळाडूला थोड्या थोड्या वेळाने एक गाडी गाठायला मिळते, पुढच्या गाड्यांच्या हातून दबावाखाली माणसासारख्या चुका घडू द्याव्यात, कुणी ब्रेक उशिरा लावेल, कुणी बाहेर वाहवत जाईल, आणि पुढच्या गाडीमागे हवेचा अडथळा कमी होतो या खऱ्या तत्त्वाचा उपयोग करून मागच्याला उघडपणे थोडा फायदा द्यावा. मारिओ कार्टमध्ये मागे असलेल्याला (स्वतःचा वेग वाढवणाऱ्या किंवा इतरांना अडवणाऱ्या) अधिक प्रभावी वस्तू मिळतात, पण तो नियम सर्वांना दिसतो आणि सर्वांना लागू असतो, म्हणून तो पचतो.

प्रतिस्पर्ध्यांनी वळणात शेजारी जागा सोडणे आवश्यक आहे. खेळाडूची गाडी अर्ध्याहून अधिक बरोबरीला आली की आतली वाट बंद करू नये, एवढा एक नियम लिहिला तरी शर्यत सुसंस्कृत होते. सोनीने ‘ग्रॅन टुरिस्मो’साठी तयार केलेल्या आणि २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ‘सोफी’ या कृत्रिम चालकाला वेगाबरोबर शर्यतीचे शिष्टाचारही शिकवावे लागले होते; नुसता वेगवान प्रतिस्पर्धी पुरत नाही हे त्यावरून दिसते. याउलट धडकाधडकीचाच गेम करायचा असेल तर तो मनापासून करावा. क्रायटेरियनच्या ‘बर्नआउट ३’ ने २००४ मध्ये समोरून येणाऱ्या रहदारीत गाडी घालण्याला आणि थोडक्यात धडक चुकवण्याला वेगझटक्याचे इंधन दिले, म्हणजे जिथे धोका होता तिथेच लाभ ठेवला. त्या गेममध्ये कौशल्याचा प्रश्न वळणाच्या रेषेवरून रहदारीतल्या फटीवर आला, पण प्रश्नाची जात तीच राहिली: पुढचे वाच, ठरव, निकाल भोग.

पुन्हा एकदा

चूक झाल्यापासून पुन्हा प्रयत्न सुरू होईपर्यंतचा वेळ जितका कमी तितके खेळाडूचे मन गेममध्ये टिकते. नादेओच्या ‘ट्रॅकमॅनिया’ने २००३ पासून हे तत्त्व मध्यवर्ती ठेवले आहे: एक बटण दाबताच गाडी तत्काळ सुरुवातीच्या रेषेवर येते. पुन्हा सुरुवात करताना यादी, जाहिरात, प्रतीक्षा असे काहीही मध्ये येऊ देऊ नये; एक सेकंद ही मर्यादा मानावी. लांब शर्यतींत ‘रेस ड्रायव्हर: ग्रिड’ ने २००८ मध्ये काही सेकंद मागे जाण्याची सोय आणली आणि पुढच्या वर्षी ‘फोर्झा मोटरस्पोर्ट ३’ नेही ती दिली. नवख्यांसाठी ही सोय फार मोलाची आहे, कारण तेच वळण चूक ताजी असताना पुन्हा घेता येते. ज्यांना ती नको असेल त्यांना बंद करता यावी.

स्वतःच्या सर्वोत्तम फेरीची पारदर्शक छायागाडी, जिला खेळाडू ‘घोस्ट’ म्हणतात, ही ‘सुपर मारिओ कार्ट’ मध्ये १९९२ सालीच होती. प्रतिस्पर्ध्यांवर खर्च करण्याआधी ही सोय करावी. तिला लागते फक्त स्थान, दिशा आणि वेळ यांची नोंद, आणि त्या बदल्यात खेळाडूला कोणत्या वळणात आपण कमावले आणि कोणत्यात गमावले हे शब्दांविना दिसते. त्याच्या जोडीला ट्रॅकचे तीन भाग पाडून प्रत्येक भागाची वेळ दाखवावी. एकूण वेळ निराश करणारी असली तरी मधला भाग सुधारलेला असू शकतो, आणि तेवढ्यावर माणूस आणखी एक फेरी मारतो.

शिकवण्याबाबत ‘ग्रॅन टुरिस्मो’चा १९९७ मधला परवाना-परीक्षांचा प्रकार मला अजूनही आदर्श वाटतो. एक परीक्षा म्हणजे ठरावीक चौकटीत थांबणे, दुसरी म्हणजे एकच वळण घेणे. काही सेकंदांचे काम आणि कांस्य, रौप्य, सुवर्ण असे निकाल. लिखित सूचनांची पाने वाचायला लावण्यापेक्षा अशा पाच छोट्या परीक्षा बऱ्या. २००५ च्या पहिल्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’मध्ये रस्त्यावर योग्य मार्गाची रेषा दिसते आणि वेग जास्त झाला की तिचा रंग बदलतो. ही मदत उपयुक्त आहे, पण खेळाडू रस्ता सोडून रेषाच पाहू लागतो, म्हणून ती फक्त ब्रेकच्या जागी दाखवण्याचा पर्याय द्यावा. लाल आणि हिरवा हे रंग अनेकांना वेगळे ओळखता येत नाहीत, तेव्हा रंगासोबत आकारही बदलावा. आपोआप गिअर, चाके आवळू न देणारा ब्रेक, वळणात मदत, यांतली प्रत्येक सोय स्वतंत्रपणे चालू-बंद करता यावी, म्हणजे खेळाडू एकेक आधार स्वतःच्या मनाने सोडत जातो.

दुसऱ्याच्या हाती देताना

गेम बनवणाऱ्याला स्वतःचा ट्रॅक तोंडपाठ असतो, म्हणून अवघडपणाचा निवाडा त्याने स्वतः करू नये. जो कधीही तो खेळलेला नाही अशा माणसाच्या हाती कंट्रोलर द्यावा आणि शेजारी बसून एकही शब्द न बोलता पाहावे. गाडी रस्त्याबाहेर गेली की एकच प्रश्न विचारावा: असे का झाले? ‘फार वेगात आलो’ किंवा ‘लवकर वळलो’ असे उत्तर आले तर त्या वळणाला हात लावू नये, मग तो दहा वेळा तिथे पडला तरी चालेल. ‘कळले नाही’ असे उत्तर आले तर खेळाडूला आधीच सांगायला हवे होते असे काहीतरी पडद्यावर किंवा आवाजात कमी आहे. फलक, टायरचा आवाज आणि कॅमेरा या क्रमाने ते शोधावे. मुलांसोबत आणि पडदा विभागून खेळणाऱ्या दोघांसोबतही हे करावे, कारण अर्ध्या पडद्यावर १६० मीटरवरचे वळण आणखी लहान दिसते.

याच्या जोडीला प्रत्येक वळणात शिरतानाचा वेग, रस्त्यावरचे स्थान आणि बाहेर पडतानाचा वेग यांची नोंद गेमनेच ठेवावी. सगळे खेळाडू एकाच रेषेने जातात असे वळण असेल तर त्याची रुंदी किंवा पुढच्या वळणाशी असलेले नाते बदलून पाहावे. कुणीच ब्रेक लावत नाही आणि कुणाचीच गाडी बाहेर जात नाही असे वळण मुद्दाम विसाव्यासाठी ठेवलेले नसेल, तर ते काढून टाकावे. आणि टायरच्या पकडीत पुढे कधी थोडासाही बदल केला, तर ब्रेकची अंतरे आणि वळणांतले वेग सगळीकडेच बदललेले असतात. तेव्हा फलकांच्या जागा पुन्हा तपासाव्यात, जुन्या घोस्टच्या नोंदी पुसाव्यात आणि चाचणी त्या पहिल्या राखाडी वळणापासून परत सुरू करावी.